उन्हात उघडलेले रीळ

"माझे वडील त्या दिवशी प्यायले होते का?"

पत्रात प्रश्न एवढा एकच होता. तो मार्गारेट ब्रॅनॉक नावाच्या बाईंनी कॅलिफोर्नियातून विचारला होता. पाकिटावर 'मिस्टर कूबल, इंग्रजीचे शिक्षक, वेंगुर्ले' एवढाच पत्ता होता, तरी पोस्टमनने ते बरोबर माझ्या वर्गात आणून दिले. त्यांचे वडील हॅरी ब्रॅनॉक हे हॉलिवूडचे दिग्दर्शक. त्यांचे चरित्र नुकतेच निघाले होते आणि त्यात वेंगुर्ल्याचा उल्लेख होता. शेवटच्या चित्रपटाच्या शेवटच्या दिवशी ब्रॅनॉक यांनी नशेच्या भरात त्या दिवसाचे सर्वांत चांगले रीळ भर उन्हात उघडून नासवले, आणि नंतर त्यांना कोणी काम दिले नाही, असे लेखकाने लिहिले होते. "तुम्ही दुभाषे म्हणून त्यांच्या शेजारी उभे होता असं कळलं. मला तुमच्याकडून ऐकायचं आहे," असे बाईंनी शेवटी लिहिले होते.

उत्तर एका शब्दाचे होते. ते मी कित्येक वर्षे लिहिले नाही.

ही सिनेमाची मंडळी वेंगुर्ल्यात आली तेव्हा मी पंचविशीत होतो आणि शाळेत इंग्रजी शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे पुस्तकाकडे बघून बोलत होतो, कारण मुलांकडे बघायची मला भीती वाटे. कंपनीला दुभाषा हवा होता. हेडमास्तरांनी परस्पर माझे नाव दिले आणि वर म्हणाले, "कुबल, इतकी इंग्रजी पुस्तकं वाचता, आता एखादा इंग्रजी माणूस वाचा."

ब्रॅनॉकसाहेब डाक बंगल्याच्या ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. सत्तरीकडे झुकलेले, उंच, आणि बोलताना माझ्या चेहऱ्याऐवजी माझ्या कानाच्या बाजूला बघणारे. मला ते फार बरे वाटले. समोरचा डोळ्यांत बघून बोलला की मला शब्द सुचत नाहीत.

गावात त्यांची कीर्ती आधीच पसरली होती. ते दारूबंदीचे दिवस होते. परदेशी माणसाला परवान्यावर दारू मिळे आणि साहेबांनी तो परवाना पहिल्याच दिवशी काढला होता. त्यांच्या खिशात कायम एक चपटी बाटली असे. चालता चालता ते ती तोंडाला लावत. पहिल्याच आठवड्यात ते कॅमेऱ्याच्या तिपाईला अडखळून पडले तेव्हा मासळीबाजारातल्या बायका म्हणाल्या, "सरकारी परवान्याचो बेवडो."

एका दुपारी ओसरीवर त्यांनी बाटलीचे टोपण भरून माझ्यापुढे धरले. "घ्या."

"मी घेत नाही, सर."

"मीही घेत नाही. घ्या."

मला नाही म्हणताही येत नाही. डोळे मिटून घोट घेतला. कोरा चहा होता, थंडगार आणि कडू.

"परवान्याची व्हिस्की कॅमेरामन पितो," ते म्हणाले. "म्हणून तो मला सांभाळून घेतो. अडखळलो की लोकांनी ते दारूवर घालावं, म्हणून ही बाटली. आता मी तुम्हाला का सांगतोय ते ऐका."

त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग पडला होता. डॉक्टरांना उपाय नव्हता. कडेकडेचे दिसे, झाडे, माणसांच्या हालचाली, धक्का, समुद्राची रेघ. जे सरळ बघावे तेच दिसत नसे. म्हणजे कॅमेऱ्यासमोर माणूस उभा केला तर त्यांना माणूस दिसे, त्याचा चेहरा दिसत नसे.

"शॉट झाला की मी तुम्हाला विचारीन, ती काय म्हणाली? सगळ्यांना वाटेल मी मराठी विचारतोय. तुम्ही मला तिचा चेहरा सांगायचा."

"पण सर, मला सिनेमातलं काही कळत नाही. कॅमेरामनला विचारलं तर…"

"तो कंपनीचा माणूस आहे. चहाचं तो लपवील, डोळे लपवणार नाही. डोळ्यांची बातमी कंपनीला कळली तर माझ्या जागी उद्या दुसरा माणूस येईल. हा सिनेमा मला पुरा करायचाय, मिस्टर कूबल. पुढे मिळेल असं वाटत नाही."

मी हो म्हणालो. माझ्यावर कोणी असे काही सोपवण्याची ती पहिलीच वेळ होती. चुकीच्या माणसावर सोपवले आहे अशी माझी तेव्हाच खात्री झाली होती.

पहिल्या शॉटनंतर त्यांनी विचारले, "काय म्हणाली?"

"तिच्या मुद्रेवर करुण भाव होता, सर."

"भाव नको. भुवया कुठे होत्या?"

मला सांगता येईना. त्यांनी शॉट पुन्हा घेतला. हळूहळू मी शिकलो. भुवया, नाकपुड्या, गिळलेला आवंढा, पदराला लागलेला हात. माणसांचे चेहरे इतके नीट मी त्यापूर्वी बघितले नव्हते, आणि खरे सांगायचे तर पुढेही कधी बघितले नाहीत.

फावल्या वेळात ते आपल्याबद्दल सांगत. वडील रेल्वेत सिग्नल दाखवायचे. हे मिसरूड फुटायच्या आत घरातून पळाले आणि मूकपटांत घोड्यावरून पडायचे काम करू लागले. "पडण्याचे पैसे मिळायचे, बसण्याचे नाही," ते म्हणत. मग पडणाऱ्यांना कसे पडायचे ते सांगू लागले आणि तसेच सांगता सांगता दिग्दर्शक झाले. मोठी घरे झाली, दोन लग्ने झाली, दोन्ही मोडली. मेग, म्हणजे मार्गारेट, ही एकच मुलगी. ऐन उमेदीत त्यांनी एक फार लांबलचक चित्रपट काढला. तसा आपल्या हातून पुन्हा झाला नाही, असे ते म्हणत. स्टुडिओने त्याचा तिसरा हिस्सा कापला आणि कापलेल्या फिती चांदी काढण्यासाठी जाळल्या.

"चांदी?"

"फितीत चांदी असते. माझी सगळी माणसं वितळून कुणाच्या तरी चमच्यात गेली."

तेव्हापासून त्यांची एक पद्धत ठरली होती. दुसरे दिग्दर्शक एकच प्रसंग लांबून, जवळून, उजवीकडून, डावीकडून असा चारचारदा टिपतात आणि मग त्यातून जुळवतात. ब्रॅनॉकसाहेब एकदाच टिपत. हवे तेवढे झाले की कॅमेऱ्यासमोर आपला पंजा धरत आणि म्हणत, बस. "पानात जेवढं खायचं तेवढंच वाढायचं. उरलं की त्यांना कात्री चालवायला मिळतं."

चित्रपटात एका इंग्रज कप्तानाची मुलगी सांभाळणारी एक बाई होती. मुलीला विलायतेला नेतात आणि ती बाई धक्क्यावर राहते, असा शेवट होता. ते काम द्वारकाबाई मयेकर करत होत्या. साठीच्या. एकेकाळी नाटक कंपनीत गात असत. कंपनी बुडाल्यावर शिरोड्याला येऊन राहिल्या होत्या. साहेब त्यांना अदबीने मिसेस मयेकर म्हणत.

"माका मिसेस कोणी केल्यान, मास्तर?" त्या मला म्हणाल्या. "तेका सांग, साठ वर्सां कोणाक जमला नाय ता तुका जमला."

मी हे भाषांतर करून सांगितले तेव्हा साहेब खुर्चीतून उठले आणि टोपी काढून वाकले. बाई तोंडाला पदर लावून हसल्या.

शेवटच्या प्रसंगाच्या आदल्या दिवशी मुंबईहून कंपनीचे मिस्टर डेन्टन आले. तरुण, नीटनेटके, हातात कागद. ओसरीवर न बसताच त्यांनी एक कागद साहेबांपुढे धरला. "शेवट थोडा बदललाय. वाचा आणि सही करा."

साहेबांनी कागद हातात घेतला. तो उलटा होता. मी मागेच उभा होतो.

"मिस्टर कूबल," साहेब कागदाकडे न बघता म्हणाले, "हा मोठ्यानं वाचा. वाईट लिखाण मी स्वतः वाचत नाही, दुसऱ्याकडून वाचून घेतो. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, एका कागदानं बिघडणार नाही."

मी वाचला. बाईचा चेहरा अगदी जवळून, पडदाभर, डोळ्यांतून धारा, असे त्यात होते.

"हे मी घेत नाही," साहेब म्हणाले. "ती रडते आहे हे लोकांना कळतं."

"लोकांना कळतं, पण लोकांना बघायचं असतं. हॅरी, मुंबईपर्यंत तुझ्या दारूच्या गोष्टी पोचल्यात. हा चेहरा उद्या मला मिळाला, तर मी परत जाऊन सांगेन की सगळं ठीक आहे आणि सिनेमा तूच पुरा करशील, फितींच्या जोडणीसकट. नाही मिळाला तर परवा दुसरा माणूस येईल."

साहेबांनी माझ्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "घेऊ."

डेन्टन गेल्यावर मी म्हणालो, "पण सर, तुमची पद्धत…"

"पद्धत तरुण माणसाला परवडते. मला जोडणीपर्यंत पोचायचंय. उद्या डोळे नीट उघडे ठेवा."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर कॅमेरा द्वारकाबाईंपासून हातभरावर लावला. पडाव, म्हणजे उतारूंची होडी, तयार होता. त्यातून मुलीला बाहेर उभ्या असलेल्या आगबोटीकडे न्यायचे होते. साहेबांनी मला बाईंना काय सांगायचे ते समजावले. मुलगी दूर जाते आहे, तुम्ही हात हलवता, मग हात थांबतो, वगैरे. मी सांगू लागलो तर बाईंनी मला थांबवले.

"मास्तर, म्हाताऱ्याक सांग, माका शिकवू नको. चेडवाक धाडूचा म्हणजे काय ता माका ठावक आसा."

त्या समुद्राकडे बघतच पुढे म्हणाल्या, "माझा चेडू मी ह्याच धक्क्यावरसून मुंबयक धाडलंय. मावशेवांगडा. म्हटलंय, माझ्यासारख्या गाऊन पोट भरूक नको. परत येवक नाय."

लेक मावशीबरोबर गेली ती परत आली नाही, हे सगळे मी साहेबांना शब्दाला शब्द सांगितले. ते म्हणाले, "तिला सांगा, मी काहीच शिकवणार नाही."

कॅमेरा सुरू झाला. पडाव सुटला. द्वारकाबाईंनी हात वर केला. भुवया स्थिर होत्या, हे मी मनात नोंदवले. नाकपुडी थरथरली, तेही नोंदवले. मग त्यांनी खालचा ओठ दातात धरला आणि त्यांच्या गळ्यातून एक आवाज आला, आणि त्या क्षणापासून पुढचे मला माहीत नाही. माझी नजर आपोआप खाली गेली. समोर माझ्या चपला होत्या, धक्क्याचे दगड होते, दगडाच्या फटीत एक लहान खेकडा होता. मी त्या खेकड्याकडे बघत राहिलो. मागे कुणीतरी नाक ओढले. मग साहेबांचा आवाज आला, "बस."

"अप्रतिम," डेन्टन म्हणाले. त्यांचेही डोळे पाणावले होते. "हॅरी, हेच पाहिजे होतं."

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणाली?"

मी अजून खेकड्याकडेच बघत होतो.

"मिस्टर कूबल. काय म्हणाली ती?"

"मला माहीत नाही, सर. मी बघितलं नाही."

"कुठपासून?"

"ओठ दातात धरला तिथपासून. मी मान खाली घातली."

"का?"

मला कारण नीट सांगता आले नाही. आजही येत नाही. मी म्हणालो, "ती खरंच रडत होती, सर. तसं बघत राहणं बरं नव्हे."

मला वाटले ते रागावतील. त्यांनी रागवायलाच हवे होते. एका कामासाठी मला ठेवले होते आणि नेमक्या वेळी ते माझ्या हातून झाले नव्हते. पण ते तसेच माझ्या कानाच्या बाजूला बघत उभे राहिले. मग हळूहळू, एक हात पुढे धरून, कॅमेऱ्याजवळ गेले आणि मदतनिसाला म्हणाले, "रिळाचा डबा दे."

त्याने उतरवून दिला. साहेबांनी बोटांनी चाचपून कडी काढली, झाकण उघडले आणि भर उन्हात फीत हात पसरून वावभर बाहेर ओढली. मग आणखी वावभर. फीत त्यांच्या पायांशी वेटोळी होऊन पडली आणि वाऱ्याने दगडांवर घासत राहिली.

डेन्टन धावत आले. "हे काय केलंस? प्यायलास का तू? की तुला दिसत नाही?"

धक्क्यावर सगळे ऐकत होते. साहेबांनी खिशातून बाटली काढली, तोंडाला लावली, मोठा घोट घेतला आणि मनगटाने ओठ पुसले.

"प्यायलोय," ते म्हणाले. "आता ऊन उतरायच्या आत तुला शेवट हवाय की नको ते सांग."

डेन्टन यांना शेवट हवाच होता. पडाव परत बोलावला. कॅमेरा धक्क्यावरून उचलून मागे, कस्टम कचेरीच्या पायऱ्यांवर नेला. द्वारकाबाई आता पाठमोऱ्या आणि लहान दिसत होत्या. त्यांना सांगायला मी धावत गेलो.

"आता तोंड कोणाक दाखवचा?" त्यांनी विचारले.

"कोणालाच नको."

"मगे बरा," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसून पाठ करून उभ्या राहिल्या.

पडाव सुटला. त्यांनी हात वर केला, खाली घेतला. मासळीच्या बायका टोपल्या घेऊन धक्क्यावरून निघाल्या होत्या. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते, त्यांची बाजाराची वेळ झाली होती. द्वारकाबाईंनी पदर खोचला, वळल्या आणि त्यांच्यात चालू लागल्या. थोड्या वेळाने त्यातली कुठली आपली बाई ते ओळखू येईना. साहेबांनी कॅमेऱ्यासमोर पंजा धरला.

मी सांगायला तोंड उघडले तर ते म्हणाले, "नका सांगू. हे मला दिसलं."

डेन्टन त्याच संध्याकाळी तारघरात गेले. सकाळी साहेबांची मोटार डाक बंगल्यासमोर उभी होती. जोडणी दुसरा माणूस करणार होता. शेवटाला मात्र त्याच्याकडे तो एकच शॉट होता, त्यामुळे तो तसाच राहिला.

"माझ्या डोळ्यांची गोष्ट कुणाला सांगू नका," साहेब मोटारीत बसताना म्हणाले.

"पण सर, लोक म्हणतील तुम्ही नशेत…"

"म्हणू देत. दारुडा सुधारला असं सांगता येतं, त्याला पुन्हा काम मिळतं. आंधळा सुधारत नाही. मी काम मागत फिरतोय तोवर बोलू नका."

त्यांना काम मिळाले नाही. दहाएक वर्षांनी वाचनालयात एका इंग्रजी वर्तमानपत्रात त्यांच्या मृत्यूची चार ओळींची बातमी वाचली. त्यात दारूचा उल्लेख होता.

मग मार्गारेटबाईंचे पत्र आले. मी उत्तराचे कच्चे खर्डे पुष्कळ केले. दारू नव्हती असे लिहिले तर मग रीळ का उघडले ते लिहावे लागणार. ते लिहिले तर डोळ्यांचे लिहावे लागणार. आणि डोळ्यांचे लिहिले की मग माझे लिहावे लागणार, की एका जगप्रसिद्ध माणसाने वेंगुर्ल्याच्या एका मास्तराने मान खाली घातली म्हणून आपला सिनेमा घालवला. हे मला स्वतःलाच खरे वाटेना. वाचणाऱ्याला बढाई वाटली असती. वर मी शब्द दिला होता. तेवढा आधार मला पुरेसा होता.

गेल्या महिन्यात इथे कोल्हापुरात, जिथे निवृत्तीनंतर आम्ही राहतो, एका फिल्म सोसायटीने तो चित्रपट दाखवला. मी आणि कुंदा गेलो होतो. कुंदा म्हणजे माझी पत्नी. तिला मी यातले काही सांगितलेले नव्हते, फक्त वेंगुर्ले बघायला मिळेल म्हणालो. शेवटचा शॉट आला. मासळीच्या बायका टोपल्या घेऊन चालत गेल्या आणि पडदा पांढरा झाला. एक तरुण प्राध्यापक उठून म्हणाले की दिग्दर्शक मद्यपी होता, चांगले रीळ त्याने नशेत नासवले, आणि हा शॉट निव्वळ नाइलाजाने उरलेला आहे, तरी अपघाताने बरा साधला आहे. कोणाला काही विचारायचे आहे का?

मी हात वर केला. अर्ध्यापर्यंत गेला, मग मी कान खाजवला.

रिक्षात कुंदा म्हणाली, "काय बोलायचं होतं?"

"काही नाही."

"तुमचा हात काही नाहीसाठी वर जात नाही. लग्नात अक्षतांनासुद्धा गेला नव्हता."

घरी आल्यावर मी तिला सगळे सांगितले. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्यांनी काय सांगितलं होतं? काम मागतोय तोवर बोलू नका?"

"हो."

"मग आता कुठं काम मागताहेत ते?"

मी एक जुडी ओढून निवडायला घेतली.

"अहो, तो माणूस मरून चाळीस वर्षं होतील. तुम्ही मेलेल्या माणसाची नोकरी सांभाळत बसलाय, आणि तिकडे त्याची लेक बाप दारुडा होता म्हणून जगतेय. जगत असली तर."

"पण त्यांनी माझ्यामुळे रीळ उघडलं हे मी कसं लिहू?"

"उघडलं का तुमच्यामुळे?"

याचे उत्तर मला खरेच माहीत नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. कदाचित मी मान खाली घातली म्हणून त्यांना वाटले असेल की कॅमेऱ्यानेही घालावी. कदाचित आपल्या शेवटच्या चित्रपटाचा शेवटचा शॉट तरी आपल्याला दिसावा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लागू नये, एवढेच त्यांच्या मनात असेल. लांबून त्यांना दिसत होते. माझा त्यात काहीच संबंध नसेल.

"मग दोन्ही लिहा," कुंदा म्हणाली. "कुठलं खरं ते त्या बघतील. बाप त्यांचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसून लिहिले. पहिल्या ओळीत फक्त 'नाही' लिहिले. खाली चहाचे लिहिले, डोळ्यांचे लिहिले, द्वारकाबाई काय म्हणाल्या ते लिहिले आणि मी कुठे मान खाली घातली तेही लिहिले. रीळ का उघडले याची दोन्ही कारणे लिहिली आणि मला ठरवता येत नाही असे लिहिले. इतका उशीर का झाला त्याबद्दल एक परिच्छेद लिहिला होता. तो कुंदाने वाचला आणि म्हणाली, "हे त्यांनी विचारलंय का?" मग तो काढून टाकला.

पोस्टातल्या बाईंनी वजन केले, तिकिटे दिली आणि पत्ता बघून म्हणाल्या, "आजोबा, हा पत्ता जुना दिसतो. पोचेल का?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिकिटे चिकटवून मी बाहेर आलो आणि पत्र पेटीत टाकले. आत पडल्याचा आवाज येतो का म्हणून जरा थांबलो. रस्त्यावर गर्दी होती, ऐकू आला नाही. कुठे अडकले तर नाही म्हणून पेटीच्या तोंडात हात घालून बघितले. काही हाताला लागले नाही.